दुर्बीणवाला जळबा

पांगरवाडीत भल्या पहाटे तळ्याकडं निघालेल्या माणसाला ‘काहून चालला?’ असं कुणी विचारत नसे. हातात टमरेल दिसलं की विचारण्यासारखं काही उरत नसे. जळबाच्या हातात मात्र टमरेल नसायचं, गळ्यात दुर्बीण असायची. सगळी पंचाईत तिथंच होती.

पुण्याहून परत आलेल्या माणसाच्या सामानाकडं गाव आधी बघतं. कुणी फ्रीज आणतो, कुणी मोटारसायकल, एकानं तर दुसरी बायको आणली होती. जळबानं आणली एक जुनी दुर्बीण आणि पानापानावर पाखरांची चित्रं असलेलं एक पुस्तक. तिकडं तो एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. सोसायटीसमोर तलाव होता आणि सोसायटीत एक म्हातारे डॉक्टर होते. डॉक्टरांचे गुडघे गेलेले, तलावाचा उतार एकट्यानं उतरवत नसे. मग ड्यूटी सुटली की जळबाच्या खांद्यावर हात टाकून ते खाली जायचे. खांद्याची परतफेड म्हणून की काय, त्यांनी त्याला बदकं शिकवली.

“रंगावर जाऊ नकोस,” ते म्हणायचे. “उन्हाबरोबर रंग फिरतो. आधी आकार बघ, मग चाल, मग सवय.”

डॉक्टर गेले तेव्हा पोरांनी त्यांचं कपाट रिकामं केलं आणि दुर्बीण जळबाला देऊन टाकली. भंगारवाल्यानं ती घेतली नव्हती.

त्याच वर्षी जळबाचा थोरला भाऊ भिवाजी वारला. शेताकडं बघायला कुणी उरलं नाही, म्हणून जळबा बायकोला, मालनबाईला, घेऊन गावी परतला. एका अंगणात दोन घरं. एकात हे दोघं, दुसऱ्यात भिवाजीची बायको द्वारकाबाई. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा जळबा शेंबडं पोरगं होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली. नवऱ्याची नीट ओळख व्हायच्या आधी दिराचं नाक पुसायचं काम तिच्याकडं आलं. न्हाऊ घालणं, शाळेत ढकलणं, उवा काढणं, सगळं तिनंच केलं. तिची लेक ज्योती पुढं जवळच्या गोरेगावला दिली, संसाराला लागली. जळबा मात्र डोक्याचे केस पिकले तरी तिच्या लेखी लेकरूच राहिला. “जेवलास का रे?” असं ती त्याला त्याच्या बायकोदेखत विचारायची. मालनबाई मग पातेलं जरा जोरात ठेवायची.

दिवाळी सरली की गावच्या पाझर तलावावर रानबदकं उतरत. गावाच्या हिशेबी ती सगळी मिळून ‘बदकं’. जळबाला ती बाजारातल्या माणसांइतकी निरनिराळी दिसत. थापट्याची चोच फावड्यासारखी, ती पाण्याला टेकवून तो दळण घातल्यासारखा गोल गोल फिरतो. तलवार बदकाची मान लांब, शेपूट टोकदार आणि बसणं पाटलाच्या ऐटीत. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून पांढरी रेघ जाते, कुणी चुन्याचं बोट ओढल्यासारखी. नर ओळखणं सोपं, ते नटूनच येतात. खरी परीक्षा माद्यांची. सगळ्या मातकट, ठिपक्याठिपक्यांच्या, एकाच ठाणातलं लुगडं फाडून नेसल्यासारख्या. तिथं मग मान, चोच, पाण्यावर बसायची ढब, पंख उघडला तर आतली पांढरी चौकट, असं सगळं जुळवत बसावं लागतं. जळबा तळ्याच्या पाळीवर बसून जुळवायचा. जुळलं की स्वतःशीच म्हणायचा, “बराबर.”

आता उथळ पाण्यातली बदकं डोकं खाली, बुड वर करून तळाचं खातात. त्यामुळं उजाडताना पाण्यात बुडांची एक रांग दिसायची आणि काठावर दुसरी. जळबाची दुर्बीण पहिल्या रांगेवर असे. पण हे दुसऱ्या रांगेला पटवणार कोण?

“जळबा, खरं सांग,” हॉटेलवाला रामजी कप विसळता विसळता विचारायचा, “त्याच्यातून किती जवळ दिसतं?”

“चोचीवरचा ठिपका दिसतो.”

“चोचीचं न्हाई विचारून राहिलो बापा मी.”

बाकावरची मंडळी खिदळायची. “तूच बघ की एकदा डोळा लावून,” असं म्हणत जळबा दुर्बीण पुढं करायचा. कुणी हात लावत नसे. आज दुर्बीण धरली तर उद्या आपलंही नाव त्याच्याबरोबर घेतलं जाईल, एवढा विचार बाकावरच्या माणसालाही सुचतो.

बायकांनी तर त्याच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली होती. त्यांच्यात त्याच्या बाजूनं उभी राहणारी एकच, द्वारकाबाई. “माझ्या हातचं लेकरू हाय ते,” ती पाणवठ्यावर सांगायची. “खुळं म्हणा पाहिजे तर, पण नजर साफ हाय त्याची. पाखरंच बघतंय.”

जळबाला लोकांच्या बोलण्याची फारशी तकलीफ नव्हती. त्याचं दुःख वेगळं होतं. या भागात हळद मोठी, आणि हळदीला पाणी लागतं. थंडी पडली की तळ्यात पाणी उपसायच्या मोटारी पडत. सगळ्यात मोठी सरपंच नेमसिंगची. बघता बघता पाणी मागं सरे, मग नुसता चिखल, मग भेगा. ऐन हिवाळ्यात, त्यांच्या मुलखात बर्फ असताना, बदकांना इथून उठावं लागे. जळबाला एक हिवाळा पुरता हवा होता. पुस्तकात लिहिलं होतं की होळीच्या सुमारास, परतीला निघायच्या आधी, नर माद्यांपुढं माना खालीवर करत नाचतात. पांगरवाडीच्या तळ्यावर हा नाच कुणी बघितला नव्हता, कारण तोवर नाचायला पाणीच शिल्लक नसे. तेवढं एकदा बघायचं, म्हणजे डॉक्टरांनी शिकवलेलं पुरं झालं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

एकदा धीर करून त्यानं ग्रामसभेत विषय काढला. होळीपर्यंत मोटारी बंद ठेवा म्हणाला. मागून धनसिंग उठला. त्याची हळद तळ्याला लागूनच होती.

“ठेवू की,” धनसिंग म्हणाला. “बदकाच्या नावचा सातबारा तेवढा दाखव.”

सभा हसली आणि हसता हसताच संपली.

त्याला वाट सापडली ती भलत्याच दारातून. कागदावर पांगरवाडी कधीच हागणदारीमुक्त झाली होती. तसा फलकही वेशीत लागला होता आणि त्या फलकाच्या आडोशाला माणसं बसत. पण यंदा फेरतपासणी येणार होती, पास झालं तर गावाला बक्षीस आणि सरपंचाला जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार होता. मग गुड मॉर्निंग पथक निघालं. पथक म्हणजे ग्रामसेवक प्रेमानंद, त्याची मोटारसायकल, एक शिट्टी आणि पिशवीभर झेंडूची फुलं. सापडलेल्या माणसाला फूल द्यायचं, फोटो काढायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. पण मोटारसायकलचा आवाज लांबून यायचा. शिट्टी वाजेपर्यंत लोक उठून, टमरेल पाठीमागं धरून, हवा खात उभे असायचे. उठायची ती बदकंच.

जळबा धावत ग्रामपंचायतीत गेला. “भाऊसाहेब, शिट्टी बंद करा हो. सगळा थवा उठून राहिला.”

“मला माणसं उठवायचीत, जळबाभाऊ,” प्रेमानंद म्हणाला. तो मुळात वाईट माणूस नव्हता. वरून रोज फोन येणारा माणूस होता. “ती काही केल्या सापडत नाहीत. लांबून ओळखू येत नाहीत, जवळ गेलं तर फिरायला आलो म्हणतात.”

खुर्चीत नेमसिंग बसला होता. त्यानं जळबाच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडं बघितलं.

“तुला येतं का रे लांबून माणूस वळखू?”

जळबाला प्रश्नाचा रोख कळला नाही. त्याला त्याच्या विद्येबद्दल आजवर कुणी सरळ काही विचारलंच नव्हतं. “बदकाची मादी वळखू येते मला, नेमसिंगभाऊ. माणूस तर केवढं थोरलं!”

“मग ठरलं. शिट्टी बंद. तू पाळीवर बसतोसच. कोण हाय ते बघायचं अन् भाऊसाहेबाला फोनवर सांगायचं. हे वाटंवर थांबतील फूल घेऊन.” आणि जळबाचं तोंड उघडायच्या आत त्यानं पुढचं टाकलं. “मोटारी बी बंद. होळीपर्यंत. माझी पहिली काढतो.”

जळबानं गळ्यातली दुर्बीण नीट केली. मग म्हणाला, “बायांचं सांगणार न्हाई मी.”

“बायांचं सोड,” नेमसिंग म्हणाला.

घरी मालनबाईनं ऐकून घेतलं आणि अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं दोन्ही घरांत मिळून एक पायखाना होता. योजनेतून झालेला. भिंती होत्या, दार होतं, आत भांडं बसवलेलं होतं, दारावर नंबरही घातला होता. फक्त मागचा शोषखड्डा नव्हता. तो घरधन्यानं खणायचा होता, आणि घरधन्याची पहाट बदकांत जायची, दुपार शेतात आणि दिवस कलला की पुन्हा बदकांत. सध्या आत खताची पोती ठेवलेली होती.

“आपल्याच खड्ड्याचा पत्ता न्हाई,” मालनबाई म्हणाली, “अन् तुमी लोकाचं बघत बसणार?”

“खणतो की. या आठवड्यात खणतो.”

“थोरल्या बाईचे गुडघे दुखून राहिले. त्यान्ला लांब जावत न्हाई आता.”

“खणतो म्हणलं ना.”

दुसऱ्या दिवशी नेमसिंगनं खरोखर मोटार काढली. त्याच्यामागं बाकीच्यांनी, शिव्या देत, आपापल्या काढल्या. आणि जळबा कामाला लागला.

काम त्याला फार सोपं गेलं, हे खरं वाईट. डॉक्टरांची रीत माणसांनाही लागू पडत होती. टॉवेलाचा रंग बघायचा नाही, टॉवेल बदलता येतो. आकार बघायचा, चाल बघायची. “लिंबाखाली बसलाय, उठताना हात गुडघ्यावर, डावा पाय ओढतो. धनसिंग,” तो फोनवर हळूच सांगायचा, आणि फोन ठेवून पुन्हा पाण्याकडं वळायचा. तिकडं पायवाटेवर प्रेमानंद झेंडू घेऊन उभा. धनसिंग फूल हातात घेऊन फोटोत असा दिसत होता, जणू कुणी त्याला स्वतःच्याच तेराव्याला बोलावलंय.

रामजीच्या हॉटेलात आता जळबा आला की बाक रिकामा व्हायचा. धनसिंग तेवढा बसून राहिला एकदा, मुद्दाम.

“आधी तुझा खड्डा खण,” तो म्हणाला, “मग माझं ढुंगण बघ.”

जळबानं चहा अर्धाच प्यायला. पण दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला आणि सगळं विसरला. कारण तळं भरलेलं होतं. डिसेंबर सरत आला तरी भरलेलं. जिथं दरवर्षी या दिवसांत बकऱ्या चरायच्या तिथं थापटे गोल फिरत होते. पलीकडच्या काठाला चक्रवाकाची जोडी उतरली होती, तांबूस सोनेरी, एकमेकांना हाका घालणारी. पांगरवाडीत चक्रवाक! आणि हे सांगायला त्याला एक माणूस नव्हता. द्वारकाबाईला सांगितलं.

“बरं झालं बाबा,” ती म्हणाली. “तुझ्या पाखराला पाणी मिळालं. जरा त्या खड्ड्याचं बघ.”

“बघतो वैनी. तेवढी तपासणी होऊ दे.”

तपासणीच्या आधी तालुक्याचे एक साहेब पाहणीला आले. पांगरवाडीत दुर्बीण लावून काम चालतं असं त्यांच्या कानावर गेलं होतं, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. नेमसिंग त्यांना घेऊन उजाडायच्या सुमारास पाळीवर आला. प्रेमानंद खाली वाटेवर उभा होता. साहेबांनी कानटोपी घातली होती आणि त्यांची झोप अजून पुरती उडाली नव्हती.

“हे काय बघता तुम्ही?” त्यांनी पाण्याकडं बोट केलं.

जळबानं दुर्बीण पुढं केली. साहेबांनी ती घेतली. गावात आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी ती घेतली होती!

“अरे वा,” साहेब म्हणाले. “पण सगळी सारखीच दिसतात की हो.”

“सारखी न्हाईत साहेब. ती डावीकडची बघा, चोच मोठी, पाण्याला टेकलेली. थापट्याची मादी. तिच्या मागं, मान उंच, बारीक अंगाची, ती तलवार.”

“आणि ती झोपलेली?”

“चोच पंखात घातली तरी डोळ्यावरची रेघ दिसते. भुवई.”

साहेबांना मजा वाटू लागली. दुर्बीण त्यांनी परत जळबाच्या हातात दिली आणि परीक्षाच सुरू केली. ते बोट दाखवायचे, जळबा दुर्बीण फिरवायचा आणि सांगायचा. तिथली? मलीन बदक, नर, बूड काळं. ती एकटी? चक्रांग, सगळ्यात लहान. ती पलीकडची दोन? चक्रवाक, साहेब, जोडी हाय. त्याचा आवाज चढत चालला होता. इतक्या वर्षांत त्याला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते. नेमसिंगसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

“आणि ती?” साहेबांचं बोट पाण्यावरून सरकत काठाला गेलं. धुक्यात, बेशरमीच्या झुडपांपाशी, काहीतरी मातकट हललं.

दुर्बीण बोटामागं गेली. आकार ठेंगणा. उठताना आधी डावा हात जमिनीला. दोन पावलं टाकली की थांबणं, मग कमरेवर हात. जळबाच्या तोंडातून आधीच्या सगळ्या उत्तरांसारखंच, त्याच चालीत, त्याच आनंदात निघून गेलं.

“ती आमची वैनी.”

नेमसिंगनं साहेबांकडं बघितलं. साहेब हसले. “कमाल आहे! घरच्यांनाही सोडत नाही माणूस.” आणि त्यांनी स्वतःच खिशातून फोन काढून खाली वाटेवरच्या प्रेमानंदला लावला.

“साहेब, बाई माणूस हाय,” जळबा म्हणाला. “नेमसिंगभाऊ, बायांचं न्हाई ठरलं होतं आपलं.”

“आता साहेबासमोर काय बोलू मी?” नेमसिंग पुटपुटला.

जळबा पाळीवरून सुटला. धोतर सावरत, ठेचकाळत, “भाऊसाहेब, थांबा, थांबा” असं ओरडत तो काठाकाठानं पळाला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या काठावर ओरडला होता. सगळं तळं उठलं. पंखांचा एवढा आवाज झाला की त्याचं ओरडणं प्रेमानंदला ऐकू गेलं की नाही देव जाणे. तो पोचला तेव्हा द्वारकाबाईच्या हातात झेंडूचं फूल होतं. पदर तोंडावर ओढायला दुसऱ्या हातात टमरेल असल्यानं तिला जमलं नव्हतं. फोटो निघाला होता.

प्रेमानंद खाली बघत म्हणाला, “वरून साहेबांचा फोन होता, जळबाभाऊ.”

द्वारकाबाईनं फूल झुडपावर ठेवलं. “लांबून बराबर वळखलंस रे,” ती म्हणाली. “डोळे चांगले हायत तुझे.”

घरापर्यंत ती पुढं आणि तो मागं. ती थांबेल तिथं तो थांबला. तिनं एकदाही मागं बघितलं नाही.

फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्याच्या, आणि दुपारच्या आत गोरेगावला, ज्योतीच्या सासरी. साहेबांनी खाली लिहिलं होतं, ‘पथकातील सदस्याने स्वतःच्या वहिनींनाही सूट दिली नाही, आदर्श उदाहरण.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. पाणवठ्यावर कुणीतरी द्वारकाबाईला विचारलं, “काय बाई, नजर साफ हाय ना लेकराची?” तिनं घागर अर्धीच भरली आणि परत आली.

जळबानं त्याच दिवशी कुदळ घेतली. पायखान्याच्या मागं खणायला लागला, जेवायला उठला नाही, दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला नाही. खड्डा झाला, विटा लावल्या, वर फरशी बसली. खताची पोती बाहेर काढली. भांडं घासून त्यात पाणी ओतून बघितलं. मग द्वारकाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

“वैनी, झालाय बघ खड्डा.”

ती ज्वारी निवडत होती. “दिसलं,” ती म्हणाली.

ती त्या पायखान्यात गेली नाही आणि तळ्याकडंही गेली नाही. मालनबाईच्या आधी ध्यानात आलं. बाई दुपारनंतर पाणी पीत नाहीत, संध्याकाळची भाकर गुरांना घालतात. चार लोकांत उठावं लागू नये म्हणून पोटच बंद करायचं, ही बायकांची जुनी तोड. तिचे पाय सुजले, लघवीला आग व्हायला लागली, अंगात ताप भरला. बाळापूरच्या डॉक्टरनं पाणी प्या म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली आणि पाणी प्यायली नाही. शेवटी ज्योती जीप करून आली. आईचं गाठोडं बांधलं, तिला धरून जीपमध्ये बसवलं. काकाशी ती एक शब्द बोलली नाही. निघताना द्वारकाबाईनं मालनबाईला सांगितलं, “माझ्या गाईला कोंडा घालत जा.” जळबा बाजूलाच उभा होता.

गाव शहाणं झालं होतं. पाळीवरून काय दिसतं हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि काय दिसत नाही हेही. तळ्याच्या वरच्या अंगाला पाणकणसाचं दाट रान होतं, माणूसभर उंच. दुर्बीण त्यात शिरत नव्हती. बाया आधी गेल्या, मग गडी. ज्यांच्या घरी धड पायखाने होते त्यांतलेही काही गेले, नुसते जळबाच्या नाकावर टिच्चून. आणि त्याच पाणकणसात बदकं होती. रात्रीची चरून पहाटे तिथंच विसाव्याला यायची.

जळबा पुन्हा पाळीवर जाऊ लागला तेव्हा त्याला आधी समजेना. पाणी भरलेलं, मोटारी बंद, शिट्टी नाही, तरी थवा बसला की लगेच उठायचा. एक चक्कर मारायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. मग त्यानं कणसांचे शेंडे बघितले. वारा नसताना ते हलत होते. इथं हलले, तिथं हलले. कोण हलवतंय ते त्याला ओळखता आलं नाही. आकार नाही, चाल नाही, नुसते शेंडे.

तो उठून त्या बाजूला गेला. कणसांच्या कडेला उभा राहून आत बोलला, “अरे, इथं नका रे बसू. पाहिजे तर तिकडं उघड्यावर बसा. मी न्हाई सांगत आता कुणाचं.”

आतून धनसिंगचा आवाज आला. “कोण बोलून राहिलं? दिसत न्हाई इथून.” आणि पाणकणसात चहूकडून हसू उठलं.

चक्रवाक आधी गेले. मग तलवार. थापटे आणखी थोडे दिवस तळ्याच्या मधोमध अवघडून राहिले आणि एका पहाटे तेही नव्हते. भरल्या पाण्यावर नुसत्या टिबुकल्या बुड्या मारत होत्या, त्या बाराही महिने इथल्याच.

फेरतपासणी झाली. समिती पाळीवर उभी राहिली, उघड्यावर कुणी दिसलं नाही. पांगरवाडी पास झाली. नेमसिंगचा सत्कार झाला. परत येऊन त्यानं आपली मोटार तळ्यात सोडली. जळबा तिथं पोचला तेव्हा पाइप जोडणं चालू होतं.

“होळीला अवकाश हाय, नेमसिंगभाऊ.”

“पाहुणे गेले ना तुझे?” नेमसिंग म्हणाला. चेष्टेनं नाही, खरंच विचारल्यासारखं. “मग पाणी कोणासाठी धरून ठेवू? हळद वाळून राहिली लोकाची.”

मोटार सुरू झाली.

पाणी मागं सरत होतं त्या दिवसांत तालुक्याच्या साहेबांची जीप त्याच्या दारात आली. गोरेगावच्या पुढं एक गाव होतं, तिथलं पथक काही केल्या जमत नव्हतं, तिथली तपासणी तोंडावर आली होती. साहेबांना दुर्बीणवाल्याची आठवण झाली होती. दोनचार दिवस राहायचं, रीत शिकवायची, परत आणून सोडतो, ड्रायव्हर म्हणाला.

“मी सोडलं ते काम,” जळबा म्हणाला.

“बरं. तसं सांगतो साहेबांना.” ड्रायव्हरनं चहाचा कप खाली ठेवला. “जागा चांगली होती हो. मोठा तलाव आहे गावाला. त्याच्यातून उपसा करत नाहीत ते. पाखरं तर एवढी की सकाळी झोप लागू देत नाहीत.”

जळबानं अंगणातल्या खड्ड्यावरच्या फरशीकडं बघितलं.

“कसली पाखरं?” त्यानं विचारलं.

“आता मला काय कळतं त्यातलं? तांबडी आहेत काही. मोठी. जोडीजोडीनं फिरतात.”

जळबा आत गेला आणि दुर्बीण घेऊन आला. मालनबाई चुलीपाशी बसून बघत होती. तिनं अडवलं नाही. ती उठली, द्वारकाबाईच्या घरातून तिची राहिलेली शाल आणली, त्यात थोडी घरची हळद आणि डब्यात धपाटे बांधले आणि ते गाठोडं जीपमध्ये बसलेल्या जळबाच्या मांडीवर ठेवलं.

“वाटंत गोरेगाव लागतं,” ती म्हणाली. “बाईच्या पायावर डोकं ठेवून पुढं जा. त्या न्हाई बोलल्या तरी बसा थोडं.”

“बसतो,” जळबा म्हणाला.

गोरेगावात जीप पोचली तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. ड्रायव्हर चहाला थांबला. ज्योतीचं घर बाजारापासून एक गल्ली सोडून. अंगणात बाज टाकलेली असेल, बाजेवर ती बसलेली असेल, हे त्याला इथून बसल्या जागी दिसत होतं. तो उतरला, गाठोडं घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथं थांबून त्यानं उन्हाकडं बघितलं.

“अजून किती लांब हाय गाव?” त्यानं परत येऊन ड्रायव्हरला विचारलं.

“हे काय, पुढंच. पण तलाव बघायचा म्हणता ना, मग आता निघावं लागेल. अंधारात काय दिसणार?”

कोपऱ्यावर किराणा दुकान होतं. जळबानं गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि ज्योतीच्या सासरच्यांचं नाव सांगितलं. त्यांच्याकडं एक म्हाताऱ्या बाई आल्यात, त्यांना एवढं पोचवा म्हणाला.

“पोचवतो की,” दुकानदार म्हणाला. “कोणी दिलं म्हणून सांगू?”

जीपचं इंजिन सुरू झालं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

“पांगरवाडीहून आलंय म्हणा,” जळबा म्हणाला, आणि घाईनं जीपकडं निघाला.